सतराने भाग जातो

डोंबिवली पूर्वेच्या त्या शाळेत वाळुंज सरांना त्यांच्या माघारी कुणी नुसतं पोपट म्हटलं नाही, असं एकही वर्ष गेलं नसेल. नावच पोपट सखाराम वाळुंज. आईवडील जुन्नरकडचे, आणि त्यांच्या गावात पोपट हे लाडाचं नाव. डोंबिवलीच्या पोरांना मात्र पोपट होणं म्हणजे फजिती होणं एवढंच ठाऊक. सरांनी ते कधी मनावर घेतलं नाही. बत्तीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं. शिकवायचे उत्तम, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं, आणि पोरांवर हात उगारल्याचं कुणाला आठवत नाही. त्यांच्या हातून एक वाईट गोष्ट घडली. ती कुणाच्या लक्षातही आली नाही, पण त्यांना पुढे बारा वर्षं नीट जेवू देईना.

त्या गोष्टीची सुरुवात कल्याणजवळच्या मोहन्यात झाली. वडील तिथल्या रेयॉन कंपनीत कामाला होते, आणि कंपनीजवळच एका भाड्याच्या खोलीत घर. वडील एका बाजूने छापलेले जुने कागद घरी आणायचे. पोपटने त्यांच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडत शाळा संपवली, कल्याणला कॉलेज केलं, बी. एड. केलं आणि मग नोकरीची वाट बघत तो घरी बसला. तेवीस वर्षांचा होता. दिवसभर करायचं काय, म्हणून मूळ संख्यांशी खेळायचा. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेच भाग जात नाही, ती मूळ संख्या. एकतीसला कशाने भाग जात नाही. तीनशे एकतीसलाही नाही. तीन हजार तीनशे एकतीसलाही नाही. मग त्याने पुढे आणखी एक तीन जोडला, आणखी एक जोडला, आणि दर वेळी संख्या मूळच निघाली. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्या खोलीत, चुलीच्या धुराने काळवंडलेल्या भिंतीला पाठ टेकून, त्याला एकट्याला सापडलं होतं. त्याला वाटलं, आपल्याआधी हे कुणाच्या नजरेलाच पडलं नसेल.

संख्या मूळ आहे हे ठरवायला तिला एकेका मूळ संख्येने भागून बघावं लागतं, आणि तेही तिच्या वर्गमूळापर्यंत पोचेस्तोवर. लहान संख्येचं पाच मिनिटांत होतं. पण सातवी संख्या, सात तीन आणि शेवटी एक, म्हणजे तीन कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस, तिच्यासाठी साडेसातशेच्या आसपास भागाकार करावे लागले. रोज दहा, कधी बारा. उन्हाळ्यात सुरू केलं ते गणपतीपर्यंत पुरलं. एकदाही बाकी शून्य आली नाही. सातवीही मूळ निघाली. त्या दिवशी पोपटने आईकडून साखर मागून घेतली आणि घरातल्या सगळ्यांच्या हातावर ठेवली. कशाबद्दल ते कुणाला कळलं नाही.

आठवी संख्या म्हणजे तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. तिला दोन हजारांवर भागाकार लागणार होते. पोपटने नवी वही आणली, पहिल्या पानावर संख्या लिहिली, ३३,३३,३३,३३१, आणि खाली रेघ मारली. त्याच आठवड्यात एका क्लासमध्ये शिकवायचं काम मिळालं. मग शाळेतली नोकरी लागली, लग्न झालं, रसिका घरात आली. वहीच्या त्या पानावर रेघेखाली कधी काहीच लिहिलं गेलं नाही. एवढ्या सात मूळ निघाल्या, तर आठवी काय वेगळी असणार, असं त्याने मनाशी धरलं, आणि धरून धरून त्याला ते खरंच वाटायला लागलं.

इथपर्यंत लाज वाटावी असं काही नव्हतं. ती वेळ २००३ साली ठाण्यात आली. गणित शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर होतं. एका प्राध्यापकांनी प्रत्येकाला स्वतःचं असं काहीतरी सांगायला लावलं. बाकीच्यांनी शैक्षणिक साधनं दाखवली, पुठ्ठ्याचे त्रिकोण, मण्यांच्या माळा. वाळुंज सर फळ्याजवळ गेले आणि त्यांनी एकाखाली एक सात संख्या लिहिल्या. सभागृहात चुळबूळ थांबली. मग हात थांबेना म्हणून त्यांनी आठवीही लिहिली. प्राध्यापक पुढे झुकले. त्यांनी विचारलं, ही शेवटचीसुद्धा तुम्ही हाताने तपासलीत?

नाही म्हणायला एक क्षण होता. सरांना तो क्षण पुढे कितीदा तरी आठवला. पंख्याचा आवाज, हाताला लागलेला खडू, पहिल्या रांगेतल्या बाईंचं किंचित उघडं तोंड. ते म्हणाले, "हो. दीड वर्ष लागलं."

टाळ्या वाजल्या. प्राध्यापक म्हणाले, इतका चिकाटीचा माणूस मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या आठवड्यात ही हकिकत शाळेत पोचली. मुख्याध्यापिका विनिता मॅडम शाळेवर जीव टाकणाऱ्या. त्यांनी पेंटर बोलावला आणि पहिल्या मजल्याच्या भिंतीवर, आठवीच्या वर्गांसमोर, निळ्या ऑइलपेंटने आठही संख्या रंगवून घेतल्या. खाली लिहिलं, 'या सर्व मूळ संख्या आहेत. तपासणी : श्री. पो. स. वाळुंज, गणित शिक्षक'. सर तेव्हाही बोलले नाहीत. घरी जाऊन आता तरी भागाकार सुरू करावेत असं त्यांच्या मनात आलं होतं. पण दोन हजार भागाकार, आणि वर शाळा, क्लास, घर. नऊ वर्षं रोज चार वेळा ते त्या भिंतीसमोरून गेले. पालकसभेत ओळख करून देताना त्यांना तेहतीस कोटीवाले सर म्हणायचे, आणि ते ऐकायला त्यांना आवडायचं. आवडायचं, हे त्यांनी स्वतःशी कबूल करायला फार उशीर लावला.

२०१२ साली आठवी ब मध्ये दिशा नावाची मुलगी होती. शीळफाट्याच्या अलीकडल्या एका गावातून बसने यायची. घरचे पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. पूर्वी भातशेती होती, आता त्या जमिनीवर गोदामं उभी. दिशा शांत, अक्षर नीटनेटकं, पण भागाकार कच्चा. सतराच्या पुढचे पाढे तिला अडखळायचे. सरांनी तिला रोज दहा भागाकार करून आणायला सांगितलं होतं. मोठ्या संख्या घे म्हणाले, आणि भाजक सतरा, अठरा, एकोणीस असे घे, म्हणजे पाढे आपोआप बसतील. दिशा इमानाने आणायची. दहाच्या जागी कधी बाराही.

डिसेंबरातल्या एका बुधवारी चौथ्या तासाला ती वही घेऊन टेबलाशी आली. म्हणाली, "सर, माझं कुठं चुकतंय बघा ना. बाकी उरायला पाहिजे ना? माझी उरतच नाय."

मोठी संख्या कुठून आणायची म्हणून तिने मधल्या सुट्टीत भिंतीवरची सगळ्यात मोठी संख्या उतरवून घेतली होती आणि तिला सतराने भागलं होतं. भिंतीवर लिहिलं होतं की हिला कशानेच भाग जात नाही. म्हणून तिने तीनदा करून पाहिलं आणि तिन्हीदा तेच आलं, तेव्हा आपलंच चुकतंय असं समजून ती सरांकडे आली होती.

सरांनी वही हातात घेतली. हजारो भागाकार तपासलेली नजर ती. घास चावताना खडा लागावा तशी चूक लगेच लागायची. तेहतीसात सतरा एकदा, उरले सोळा. एकशे त्रेसष्टात नऊदा, उरले दहा. एकशे तीनात सहादा, उरला एक. तेरात जात नाही, म्हणून वर शून्य. हे शून्य पोरं हमखास विसरतात. दिशा विसरली नव्हती. एकशे तेहतीस, एकशे त्रेचाळीस, त्र्याहत्तर, नजर पायरी पायरीने खाली उतरत गेली आणि शेवटी एक्कावन्नाशी आली. सतरा त्रिक एक्कावन्न. खाली एक लहानसं, घाबरत काढलेलं शून्य.

कुठेही चूक नव्हती.

दोन हजार भागाकारांच्या नावाखाली जी संख्या सरांनी नऊ वर्षं अंगावर मिरवली, ती सातव्याच मूळ संख्येला पडली होती. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा. ज्याने एकदा तरी तपासायला सुरुवात केली असती, त्याला पाच मिनिटांत हे दिसलं असतं. म्हणजे चूक झाली असं म्हणून सुटकाही नव्हती. ती एक संख्या ओरडून सांगत होती की या माणसाने वहीवर हातसुद्धा ठेवलेला नाही. समोर बावन्न पोरं बसली होती. उघड्या दारातून निळी भिंत दिसत होती.

त्यांनी लाल पेन उचललं, भागाकारावर तिरकी रेघ मारली आणि लिहिलं, चूक, पुन्हा कर. मग वर्गाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "जी संख्या तपासायला मला दीड वर्ष लागलं, ती तू मधल्या सुट्टीत भागलीस होय? आणि 'नाय' नाही, 'नाही' म्हण."

वर्ग हसला. दिशा 'हो सर' म्हणाली आणि वही छातीशी धरून जागेवर गेली.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधी कागद घेतला. तिचं उत्तर डोळ्यांसमोरून हलत नव्हतं, एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस. सतराने गुणलं. तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. पुन्हा गुणलं. रसिकाताई मेथी निवडत बसल्या होत्या. काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा सर म्हणाले, काही नाही, वह्या तपासतोय.

उद्या सांगू, असं ठरवून ते शाळेत गेले. वर्गात शिरतात तोच दिशा टेबलाशी उभी. तिने भागाकार पुन्हा करून आणला होता. "सर, आता बरोबर आला. दोन उरले."

एकशे त्रेचाळीसातून एकशे छत्तीस गेले सहा, असं तिने लिहिलं होतं. उरतात सात. त्या एका चुकीने पुढचं सगळं सरकलं होतं आणि शेवटी दोन उरले होते. सरांना पहिल्या नजरेत दिसलं. हेही दिसलं की ही चूक नकळत झालेली नाही. सातचा आकडा खोडरबराने पुसून तिथे सहा केला होता. बाकी काढायचीच म्हणून पोरीने खरं उत्तर मोडून ठेवलं होतं.

सरांनी त्यावर बरोबरची खूण केली. म्हणाले, "हं, असं लक्ष देऊन करायचं."

लाल रेघेबद्दल ते स्वतःला निदान एवढं तरी सांगू शकत होते की घाबरलो, हात चालून गेला. या खुणेबद्दल त्यांना काहीच सांगता येत नव्हतं. रात्रभर विचार करून ते आले होते आणि खरं बोलायची तयारी होती. मग समोर सोपी वाट दिसली आणि ते तिच्यावरून चालू लागले.

दिशाने त्यानंतर वही आणून दाखवणं हळूहळू बंद केलं. एप्रिलमध्ये नववीसाठी विषय निवडायचे फॉर्म आले. ज्यांना गणित झेपत नाही त्यांना तेव्हा सामान्य गणित नावाचा सोपा विषय घेता यायचा, पण मग पुढे विज्ञानाकडे जायची वाट जवळजवळ बंद. फॉर्मवर गणित शिक्षकांची सही लागायची. दिशाने फॉर्म पुढे केला आणि विचारलं नसताना सांगितलं, "माझा भागाकार चुकतो ना सर, म्हणून सामान्य घेते." सरांनी सही केली. सही एरवी एका झटक्यात व्हायची. त्या दिवशी पोपटमधला ट त्यांना दोनदा गिरवावा लागला.

त्या सुट्टीत त्यांनी, खरं तर कधीच करायला हवं होतं ते केलं. बसून विचार केला की ही साखळी तुटली का. तेव्हा कळलं की ती तुटणारच होती. एकतीसने या संख्यांना भागत गेलं की बाक्या ठरावीक फेऱ्याने पुन्हा पुन्हा येतात, आणि पंधरा पायऱ्या पुढे गेल्यावर, सोळा तीन आणि एक अशी जी संख्या येते, तिला साखळीतली पहिली एकतीसच भागून टाकते. सतरासुद्धा आठव्या संख्येपासून दर सोळाव्या पायरीला परत येतो. सगळ्या मूळ असणं शक्यच नव्हतं. हे समजायला एक दुपार पुरली. पोरांना ते नेहमी सांगत, चार उदाहरणं जमली म्हणून नियम सिद्ध होत नाही. हेच वाक्य वर्गात म्हणताना आता त्यांचा आवाज खाली यायचा.

२०१८ मध्ये शाळेला रंग काढला. विनिता मॅडमनी विचारलं, संख्या पुन्हा रंगवायच्या ना? सर म्हणाले, रंगवा, पण शेवटची ओळ गाळा, पाण्याच्या नळाचा पाइप आलाय, जागा पुरत नाही. पेंटरने सातच रंगवल्या. खालचं वाक्य तेच राहिलं आणि आता ते खरं होतं. सरांना वाटलं होतं, हलकं वाटेल. उलट जिन्याने चढताना ती रिकामी जागा त्यांना जास्तच दिसायला लागली.

दिशा तोवर शाळेतून कधीच गेली होती. ती कुठे आहे, याची चौकशी त्यांनी केली नाही. सुरुवातीला केली नाही कारण धीर नव्हता, नंतर केली नाही कारण इतकी वर्षं केली नव्हती.

गेल्या वर्षी एप्रिलअखेर सर निवृत्त झाले. शाळेच्या सभागृहात निरोप समारंभ झाला. जुने विद्यार्थी आले होते. त्यांच्यातला सलिल, आता एका सॉफ्टवेअर कंपनीत चांगल्या हुद्द्यावर असलेला, बोलायला उभा राहिला. म्हणाला, सरांच्या भिंतीवरची आठवी संख्या सतराने जाते, हे आम्हाला कॉलेजात गेल्यावर नेटवर कळलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर सरांचाच पोपट झाला म्हणून खूप हसलो. पण सर, ती संख्या शोधायला आम्ही नेटवर गेलो ते तुमच्यामुळे.

सभागृह हसलं आणि टाळ्या वाजल्या. सरांच्या हातातला नारळ घामाने निसटायला लागला. म्हणजे कितीतरी जणांना ठाऊक होतं. ते पाइपाचं कारण सांगत होते आणि पोरं वर्षानुवर्षं आदराने गप्प बसली होती. उत्तराचं भाषण खिशात लिहिलेलं होतं. ते त्यांनी काढलंच नाही. माइकसमोर जाऊन सांगितलं की ती संख्या मी कधी तपासलीच नव्हती, दीड वर्ष लागलं हे खोटं होतं, एक दिवसही मी तिच्यावर घातला नाही.

लोक उभे राहिले आणि टाळ्या सुरू झाल्या. विनिता मॅडम निवृत्त होऊनही खास आल्या होत्या, त्यांनी डोळे पुसले. बाजूच्या एका शिक्षकाने सरांचा हात धरून म्हटलं की कबूल करायलाही केवढं मोठं मन लागतं. टाळ्या थांबेनात. सर माइकजवळ उभे होते आणि पुढचं वाक्य त्यांच्या तोंडाशी आलं होतं, की एका मुलीने हे शोधलं होतं आणि मी तिचं बरोबर उत्तर खोडलं. ते वाक्य बाहेर आलं नाही. लोकांना जे आवडलं होतं ते त्यांना मोडवेना. शिबिरातल्या टाळ्या खोट्यावर मिळाल्या होत्या. या टाळ्या अर्ध्या खऱ्यावर होत्या, आणि घरी येताना त्यांना या जास्त जड वाटल्या.

आठ दिवसांनी त्यांनी शाळेतून जुना पत्ता मिळवला आणि शीळफाट्याची बस धरली. घर सापडायला त्रास झाला नाही. दिशाची आई शकूबाई दारातच होती. सर आलेत म्हटल्यावर तिने खुर्चीवर धुतलेली चादर पसरली, चहा ठेवला, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. दिशा ठाण्याला, कोपरीच्या एका प्रसूतिगृहात नर्स आहे, असं तिने अभिमानाने सांगितलं. मग म्हणाली, तुमचे लय उपकार आहेत सर, तुम्ही तेव्हा सोपं गणित घ्यायला सांगितलं म्हणून पोरगी दहावी पास झाली. सरांनी भाकरीचा तुकडा मोडला होता. तो हातातच राहिला. ते काहीतरी पुटपुटले आणि उठले, तर शकूबाईंनी चटणी पुडीत बांधून दिली.

कोपरीला ते दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. प्रसूतिगृह लहानसं, जिन्याखाली चपलांचा ढीग. निळसर गणवेशातली दिशा काउंटरमागे एका छोट्या कागदावर औषधाचं प्रमाण काढत होती. एकदा हाताने काढलं, मग मोबाइलवर काढलं, मग पुन्हा मोबाइलवर, आणि तो कागद शेजारच्या सिस्टरला दाखवला. ती सिस्टर हसून म्हणाली, अगं बाई, बरोबर आहे, दे आता. मग दिशाचं लक्ष गेलं. ती ओळखून पुढे आली, वाकून नमस्कार केला, घरचं कुणी अ‍ॅडमिट आहे का म्हणून विचारलं. कुणी नाही म्हटल्यावर तिने त्यांना मागच्या खोलीत बसवलं आणि चहा मागवला.

सरांनी खिशातून कागद काढून संख्या लिहिली. म्हणाले, "दिशा, हिला सतराने भागशील?"

ती हसली. "अजून पण गृहपाठ, सर?" तरी बसली. हळूहळू, प्रत्येक पायरीला ओठ हलवत तिने भागाकार केला. खाली शून्य आलं. ती लगेच वर जाऊन एकेक ओळ बोटाने तपासायला लागली. "थांबा हां, कुठंतरी चुकलंय."

"नाही चुकलं. तेव्हाही चुकलं नव्हतं."

ती कागदाकडे बघत राहिली. तिला ती वही, तो तास सावकाश आठवत गेला. मग तिनेच सरांना वाट काढून दिली. म्हणाली, म्हणजे सर, तेव्हा तुम्हाला पण माहीत नसणार.

पुन्हा एकदा सोपी वाट समोर होती, आणि या वेळी ती त्या मुलीनेच स्वच्छ करून दिली होती. सरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले. "माहीत होतं. वही हातात होती तेव्हाच कळलं. कळूनच खोडलं. दुसऱ्या दिवशी तू सातचे सहा करून आणलेस, तेही दिसलं मला. त्यावर मी बरोबर केलं."

बाहेर कुणाचं तरी नवं मूल रडत होतं आणि बायका त्याला उगी उगी करत होत्या. दिशाने विचारलं, "का केलंत?"

"लाज वाटली," सर म्हणाले. "सगळ्यांसमोर."

"मला पण वाटली होती, सर. मी तेरा वर्षांची होते." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी इथे प्रत्येक डोस तीनदा काढते. सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझं गणित लहानपणापासून कच्चं आहे. आईला पण तेच वाटतं. नवऱ्याला पण."

सरांनी माफी मागितली. तिने ती घेतली, असंही नाही आणि नाकारली असंही नाही. पुढे कसली परीक्षा द्यायची असेल तर मी शिकवायला येईन, असं ते म्हणाले, तेव्हा मात्र तिने लगेच मान हलवली. "नको, सर." मग घड्याळ पाहिलं, ड्युटी आहे म्हणाली, चहा घेऊन जा म्हणाली आणि गेली. भागाकाराचा कागद तिने घडी करून स्वतःच्या खिशात टाकला. सर एकटेच बसून गार झालेला चहा प्यायले. टाकून जाणं त्यांना बरं दिसेना.

घरी येऊन त्यांनी रसिकाताईंना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. तुम्ही वाईट नाही, असं काहीतरी त्या म्हणतील अशी सरांची अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, "आणि इतकी वर्षं मी विचारत होते, काय झालं म्हणून." आणि उठून आत गेल्या. दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं.

सरांनी शाळेच्या वार्षिक अंकासाठी एक पान लिहून पाठवलं. नव्या मुख्याध्यापकांनी फोन करून सांगितलं की एवढं सगळं छापायची गरज नाही, सर, उगाच तुमच्या नावाला बट्टा. सरांनी हट्ट धरला. शेवटी पान आलं. त्यात लाल रेघही आली, बरोबरची खूणही आली आणि दिशाचं नावही आलं, की ही संख्या मूळ नाही, हे आमच्या शाळेत पहिल्यांदा इयत्ता आठवी ब मधल्या या विद्यार्थिनीने दाखवून दिलं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांतल्या काहींनी सरांना फोन करणं सोडलं. सलिलचा एक मेसेज आला, हे माहीत नव्हतं, सर. त्यापुढे काही नव्हतं.

अंकाची एक प्रत त्यांनी कोपरीला पाठवली, एक शीळफाट्याला. कोपरीहून उत्तर आलं नाही. शीळफाट्याहून शकूबाईंचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "माझी पोर हुशार व्हती, असं सांगायचं व्हतं तुमी," आणि फोन ठेवला.

या वर्षी पावसाळा सरता सरता एक मेसेज आला. महापालिकेच्या रुग्णालयात नर्सची भरती निघाली होती आणि लेखी परीक्षेत अंकगणित होतं. दिशाने काळ, काम आणि वेगाची दोन उदाहरणं विचारली होती. वर नमस्कार नाही, खाली आभार नाहीत. सरांनी पूजेला बसावं तसं बसून दोन्ही उदाहरणं पायरी पायरीने लिहून फोटो पाठवला. नंतर आणखी काही आली, आठवड्याला एखाद-दोन. रीत कळली नाही तर ती विचारते. स्वतः सोडवलेलं मात्र तपासायला कधी पाठवत नाही, आणि सर मागत नाहीत.

परीक्षा होऊन महिना झाला. निकाल लागल्याचं सरांनी वर्तमानपत्रात वाचलंय. तिचं काय झालं, हे विचारायला त्यांनी दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्हीदा खाली ठेवला.